सरकार कमी हवं असल्यास अर्ज करावा

सरकारनं आपल्या आयुष्यात जरा कमी लुडबुड करावी, असं तुम्हाला हल्ली वाटू लागलंय. घाबरू नका. चाळिशीच्या आसपास, विशेषतः मार्च महिन्यात, पुष्कळांना असं होतं आणि एप्रिलमध्ये आपोआप उतरतं. मे उजाडला तरी उतरलं नाही, तर मात्र पथ्य पाळावं लागेल.

उतावळेपणानं स्वतःचा पक्ष काढायला जाऊ नका. काढलातच, तर तो निवडणूक आयोगाकडे नोंदवावा लागेल, आणि लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम २९-अ प्रमाणे समाजवादाच्या तत्त्वावर आपली निष्ठा आहे असं पक्षाच्या घटनेत लिहून द्यावं लागेल. ही सोय १९८९ पासून आहे. शाकाहारी मंडळ स्थापन करायचं तर आधी मटणावर श्रद्धा असल्याचं लिहून द्या, तशातला प्रकार. सरकार कमी हवं म्हणणारा राजाजींचा (चक्रवर्ती राजगोपालाचारींचा) स्वतंत्र पक्ष त्या मानानं नशीबवान. १९५९ ला निघाला, १९६७ ला लोकसभेत ४४ जागा घेऊन सर्वांत मोठा विरोधी पक्ष झाला आणि १९७४ ला चरणसिंगांच्या लोकदलात विरूनही गेला. निष्ठा लिहून द्यायची वेळच आली नाही. शेतकरी नेते शरद जोशींचा त्याच वळणाचा स्वतंत्र भारत पक्ष निघाला १९९४ ला, म्हणजे बरोबर सापळा लावून झाल्यावर. पुढे जोशी राज्यसभेत गेले आणि हा शब्द काढा म्हणून खासगी विधेयकही मांडलं. शब्द अजून जागच्या जागी आहे. तुम्ही आपली मुकाट्यानं सही करा, फक्त करताना हसू नका. भाजपनंसुद्धा १९८० मध्ये 'गांधीवादी समाजवाद' म्हणतच बारसं करून घेतलं होतं.

पक्ष काढणं जमणार नसेल, तर एका पक्षावर रागावून दुसऱ्याला मत देण्याचा मार्ग असतोच. हा उपाय जुना आणि खात्रीशीर आहे. खात्री एवढीच की गुण येत नाही. नेहरूंच्या सरकारनं १९५१ मध्ये पहिली घटनादुरुस्ती करून नववं परिशिष्ट जोडलं. त्यात टाकलेल्या कायद्यांना मूलभूत हक्कांच्या नावानं कोर्टात आव्हान देता येऊ नये, अशी व्यवस्था. सुरुवातीला त्यात १३ कायदे होते, वाढत वाढत २८४ झाले. याचा संताप येऊन तुमच्या वडिलांनी १९७७ ला जनता पक्षाला मत दिलं असेल. त्या सरकारनं पुढच्याच वर्षी मालमत्तेचा मूलभूत हक्कच यादीतून काढून टाकला. इंदिराबाईंनी आणीबाणीत उद्देशिकेत घातलेला 'समाजवादी' शब्द मात्र नीट जपून ठेवला. वडिलांना आता त्यावरून बोलू नका.

तुम्ही नाशिककडचे कांदा उत्पादक असाल, तर तुम्हाला सल्ला द्यायला मी कोण? तरी देतो. डिसेंबर २०१० मध्ये निर्यात बंद झाली तेव्हा दिल्लीत काँग्रेसचं सरकार होतं. डिसेंबर २०२३ मध्ये बंद झाली तेव्हा भाजपचं. यावरून काँग्रेस-भाजपमध्ये फरक नाही असा निष्कर्ष काढू नका, तेरा वर्षांचा फरक आहे. जून २०२० मध्ये अध्यादेश काढून कांदा-बटाट्याला जीवनावश्यक वस्तूंच्या जाचातून मोकळं केल्याची घोषणा झाली, आणि सप्टेंबरात निर्यातबंदी आली. बाळंतविडा मिळण्याच्या आतच स्वातंत्र्य वारलं. २०२४ च्या एप्रिलमध्ये बंदी चालू असतानाच दोन हजार टन पांढऱ्या कांद्याला बाहेर जाऊ दिलं; हा कांदा मुख्यतः गुजरातचा. तेव्हा पुढच्या वर्षी रोप टाकताना रंगाचा विचार करावा, आणि जमल्यास राज्याचाही. सरसकट बंदी उठली ४ मेला. दिंडोरी आणि नाशिकचं लोकसभेचं मतदान २० मेला होतं. टनाला किमान ५५० डॉलरची अट आणि वर ४० टक्के शुल्क ठेवून उठवली, हे तुमच्या लक्षात राहिलं आणि निकालात दिसलं, तो तुमचा स्वभाव. 'भीक नको, हवे घामाचे दाम' ही जुनी घोषणा आता मोठ्यानं देऊ नये. दाम कोणीच देत नाही, आणि भीकही थांबायची.

भिकेवरून आठवलं. २०२४ च्या विधानसभेआधी सरकारनं लाडक्या बहिणींना महिन्याला दीड हजार सुरू केले. तिजोरी रिकामी होईल म्हणून विरोधकांनी गळा काढला. प्रचारात सत्ताधाऱ्यांनी एकवीसशे म्हटलं. मग त्याच विरोधकांनी तीन हजारांची बोली लावली. लासलगावच्या लिलावातही भाव असा चढत नाही. अशा वेळी 'हे पैसे येणार कुठून?' असं विचारणारा माणूस घरातसुद्धा एकटा पडतो.

एवढं सगळं ऐकून प्यावीशी वाटली, तर परवाना काढा. महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा अजून ठणठणीत आहे आणि त्याच कायद्याच्या जोरावर राज्य उत्पादन शुल्क विभाग तिजोरी भरतो. विदेशी दारूचा एका दिवसाचा परवाना पाच रुपयांत, तहहयात हवा तर हजारात. युती आली, आघाडी आली, महायुती आली, परवाना तोच. सरकारच्या सर्व योजनांमध्ये सातत्य याच एका योजनेत दिसतं. तहहयातच घ्या.

आणि मतदानाला जाच. शेवटचं बटण 'नोटा'चं, म्हणजे 'वरीलपैकी कोणीही नको'चं असतं. २०१९ च्या विधानसभेला लातूर ग्रामीणमध्ये नोटा सत्तावीस हजारांवर मतं घेऊन दुसरा आला होता. शिवसेनेचा उमेदवार त्याच्या मागे. सभा नाही, जाहीरनामा नाही, महिन्याला रुपया देईन म्हणाला नाही. पहिला आला असता तरी आमदार दुसराच झाला असता, हा भाग वेगळा. ते बटण दाबून या, आणि घरी आल्या आल्या बायकोच्या लाडक्या बहिणीची ई-केवायसी उरकून घ्या. मुदत वाढवून मिळते, पण साइट चालेलच असं नाही.