कॅसिओवाल्याने पाहिलेला '१०१'

"त्यात काय, बटण दाबलं की मशीन वाजतं." मी लग्नाकार्यात कॅसिओ, म्हणजे इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड वाजवतो. कार्यक्रमानंतर जेवणाच्या पंगतीत हे ज्यांनी ज्यांनी मला ऐकवलंय, त्या सगळ्यांना आज टॅग करणार होतो. यादी फारच लांबली, म्हणून सरळ पोस्टच लिहितो. इलेक्ट्रॉनिक बँडवर मी पाहिलेला सगळ्यात प्रामाणिक सिनेमा म्हणजे डेपेश मोडचा '१०१'. त्यात मशीन लपवलेलं नाही आणि गल्लाही लपवलेला नाही.

ज्यांना हा बँड माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. इंग्लंडमधल्या बॅसिल्डन गावात १९८० मध्ये सुरू झालेला बँड. सिनेमातले चौघे म्हणजे गायक डेव्ह गाहन, गाणी लिहिणारा मार्टिन गोर, आणि ॲलन वाइल्डर व अँडी फ्लेचर. १९८७-८८ चा त्यांचा दौरा १८ जून १९८८ ला अमेरिकेत पॅसाडिनाच्या रोझ बोल मैदानात संपला. तो दौऱ्यातला १०१ वा कार्यक्रम, म्हणून हे नाव. समोर ६०,००० च्या वर माणसं आणि स्टेजवर एकही ड्रमवाला नाही! सिनेमा १९८९ चा. डी. ए. पेनेबेकर, ख्रिस हेगेडस आणि डेव्हिड डॉकिन्स यांनी केलेला. पेनेबेकर म्हणजे १९६५ मध्ये अमेरिकन गायक बॉब डिलनच्या मागे कॅमेरा घेऊन फिरलेला माणूस. २०२१ मध्ये सिनेमाची नव्याने साफ केलेली प्रत आली, पुतण्याने ती आणून दिली. "काका, तुमच्या कामाचं आहे, बघा की." आमच्या ऑक्टोपॅडवाल्याला (इलेक्ट्रॉनिक ड्रम वाजवणाऱ्याला) बोलावून घेतलं आणि दोघांनी मिळून पाहिला.

एक प्रसंग आम्ही मागे नेऊन नेऊन पाहिला. वाइल्डर कीबोर्डसमोर उभा राहून कुठल्या पट्टीवर कुठला आवाज ठेवलाय ते दाखवतो. इथे एक पट्टी, तिथे चार, पलीकडे एक सूर, आणि सगळं मिळून गाणं उभं राहतं. बाहेरच्या माणसाला हा खेळ वाटेल. मला घाम फुटला. कारण हळदीच्या कार्यक्रमात मी हेच करतो. डाव्या हाताला स्ट्रिंग्ज, मधे पेटी, उजव्या हाताला शहनाई आणि अगदी टोकाच्या दोन पट्ट्यांवर कोरसचा 'हेऽऽ'. एक बोट सरकलं की नवरदेवाच्या एन्ट्रीला भलताच आवाज. ऑक्टोपॅडवाला म्हणाला, "काय बे, हे तर आपलंच चाललंय!" आपलंच, फक्त त्याचं अवघड होतं. त्या दौऱ्यात त्यांच्याकडे ईमॅक्स नावाचे सॅम्पलर, म्हणजे भरून ठेवलेले आवाज पट्ट्यांवर वाजवणारे कीबोर्ड होते. मेमरी ५१२ केबी. आज व्हॉट्सॲपवर येणारा एक फालतू व्हिडिओसुद्धा त्यात मावणार नाही. आवाज फ्लॉपीवरून भरायचे, नेमके तेवढेच ठेवायचे, आणि कुठला आवाज कुणाच्या कीबोर्डवर हे आधीच वाटून घ्यायचं. ही आखणी डोक्यात ठेवून हजारो लोकांसमोर उभं राहणं म्हणजे बटण दाबणं असेल, तर मग तबला म्हणजे चामड्यावर चापट मारणं म्हणायचं का?

आता टेपचं. आधीच भरून आणलेलं वाजतं, मग यांनी काय केलं, असं लोक म्हणतात. ड्रम आणि बरंच काही टेपवरून यायचं, त्यात लपवण्यासारखं काही नाही. पण सोलापुरात तरी हा वाद व्हायला नको. आपली चादर जकार्डवर विणली जाते. नक्षी आधीच कार्डाला भोकं पाडून ठरलेली असते. भोक आलं की ताण्याचा धागा उचलला जातो, नाहीतर खालीच राहतो. म्हणून चादर कार्डानेच विणली, माणसाने काही केलं नाही, असं पूर्व भागात, आमच्या विणकरांच्या वस्तीत जाऊन कुणी म्हणून दाखवावं. तुटलेला धागा कोण पकडतो, कांडी कोण बदलतो, धोटा अडकला की माग कोण थांबवतो, ते तिथले लोक नीट समजावतील.

उलट टेप असली की गायकाचे हाल जास्त. आम्ही ऑर्केस्ट्रावाले पब्लिक रंगात आलं की अंतरा पुन्हा घेतो, ढोलकीवाल्याला डोळ्यानेच खुणावतो, वन्स मोअर आला की मुखड्यावर परततो. मायनस ट्रॅकवर, म्हणजे गायकाचा आवाज वगळून भरून ठेवलेल्या संगीतावर गाताना यातलं काहीच होत नाही. ट्रॅक कुणासाठी थांबत नाही. बाकीचे तिघे कीबोर्डच्या मागे अडकलेले, त्यामुळे अख्खं मैदान पेलायचं काम एकट्या गाहनचं. तो नाचतो, गरागरा फिरतो, घसा ताणतो, आणि ठरलेल्या ठोक्यावर परत माइकपाशी हजर. शेवटाकडे 'नेव्हर लेट मी डाउन अगेन' या गाण्याला तो हात डोक्यावर नेऊन डावीकडे-उजवीकडे हलवतो आणि सगळं मैदान तसंच हलतं. ते काही टेपवर भरून ठेवता येत नाही.

आणि हाच गाहन आधी एका ठिकाणी सांगतो की सुपरमार्केटमध्ये फळ्यांवर माल लावायचो तेव्हा मी जास्त सुखी होतो. पैसे मिळायला लागल्यावर सगळेच असं बोलतात म्हणा. तरी त्याचा चेहरा पाहून मला ते खरं वाटलं. फ्लेचर तर कॅमेऱ्यासमोरच कामाची वाटणी सांगून टाकतो. मार्टिन गाणी लिहितो, ॲलन चांगला वादक, डेव्ह गातो, आणि मी इकडेतिकडे करतो. प्रत्येक ऑर्केस्ट्रा पार्टीत असा एक माणूस असतो. तो नसला की पार्टी का फुटते हे मात्र नंतर कळतं. फ्लेचर २०२२ मध्ये गेला.

सिनेमात आणखी एक धागा आहे. स्पर्धेतून निवडलेल्या पोरापोरींना बसमध्ये घालून न्यूयॉर्ककडून कॅलिफोर्नियापर्यंत नेलंय. केस फुगवायचे, भांडायचं, झोपायचं, पुन्हा केस फुगवायचे. बऱ्याच जणांना हाच भाग आवडतो. मला अर्धा चालला असता. त्या वेळात मार्टिन गोरला गाठायला हवं होतं. जवळजवळ सगळी गाणी ज्याची, तोच सिनेमात कडेला राहतो. ही माझी खरी तक्रार.

पैशाचा प्रसंग मात्र सोन्यासारखा. रोझ बोलच्या रात्री दौऱ्याचा हिशोबनीस जोनाथन केसलर (हाच पुढे बँडचा मॅनेजर झाला) तिकिटांचा आकडा कॅमेऱ्यासमोर वाचतो. तेरा लाख डॉलरच्या वर! आणि लहान पोरासारखा खूश होतो. समीक्षक मंडळींना हे खटकतं, कलेच्या सिनेमात पैसे कशाला मोजायचे म्हणून. मला विचाराल तर कार्यक्रमाच्या प्रत्येक सुपारीचा हिशोब असा उजेडात व्हावा. रात्री साडेबारापर्यंत वाजवून "उद्या घरी या" ऐकलेल्या माणसाला त्या दृश्याची किंमत कळते. आमचे एका लग्नाचे राहिलेले पैसे अजून उद्याच आहेत.

याच बँडचा १९९३ च्या दौऱ्याचा 'डिव्होशनल' पण पाहिला. अँटन कॉर्बाइनने काढलेला, एकेक फ्रेम भिंतीवर लावावी असा. त्यात वाइल्डर काही गाण्यांना चक्क ड्रमवर बसतो. दिसायला '१०१' पेक्षा कितीतरी देखणा, पण त्यात केबल गुंडाळणारा माणूस नाही की हिशोबवालाही नाही. पुन्हा पाहीन तो '१०१'च.

कमेंटमध्ये डीजेचा विषय येणार हे माहीत आहे, म्हणून आधीच सांगतो. रात्री १० नंतर लाउडस्पीकर बंद हा नियम आहे, निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे, आणि ती पाळलीच पाहिजे. छातीत धडधड होईपर्यंत बेस लावणाऱ्याची बाजू मी घेणार नाही. पण तो दोष आवाज वाढवणाऱ्याचा. सिंथेसायझरला, म्हणजे आमच्या कीबोर्डला शिव्या देऊन मिरवणूक शांत होत नाही.

एक सुचवतो. कुणीतरी पुढाकार घेऊन हा सिनेमा सोलापूरच्या हुतात्मा स्मृती मंदिर नाट्यगृहात लावा, रीतसर परवानगी काढून. बेंजोवाले, डीजेवाले, साउंडवाले, ऑर्केस्ट्रावाले सगळ्यांना बोलवा. भांडणं होतील, होऊ द्या. तिकीट लावा, फुकट नको. आणि शेवटी गल्ला केसलरसारखा स्टेजवर उभं राहून मोठ्याने वाचा, साउंडवाल्याचे पैसे त्याच रात्री देऊन.