‘एका प्रचंडच्या पैशात दीड हजार मिलान’: हिशेब बरोबर, निष्कर्ष चूक

सातारा, कोरेगाव, कराड भागातल्या माजी सैनिकांच्या आणि भरतीची तयारी करणाऱ्या पोरांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सध्या एक मजकूर जोरात फिरतोय. विषय प्रचंड हे देशी लढाऊ हेलिकॉप्टर आणि मिलान हे जवानानं मोर्च्यातून सोडायचं रणगाडाविरोधी क्षेपणास्त्र यांचा. सारांश असा: ‘लढाऊ हेलिकॉप्टरचा जमाना संपला. युक्रेनमध्ये ती पटापट पडली. एका प्रचंडच्या किमतीत दीड हजारांवर मिलान क्षेपणास्त्रं येतात, ड्रोन तर त्याहून स्वस्त. सीमेवरच्या ब्रिगेडला हेच द्या, हेलिकॉप्टरची खरेदी बंद करा. १९७१ ला लोंगेवालात कुठं होती हेलिकॉप्टर?’

ज्या जिल्ह्यात अपशिंगे मिलिटरीसारखं गाव आहे, तिथं असा मजकूर वाचून सोडून देता येत नाही. हा मजकूर पुढे पाठवणाऱ्या पोरांपैकीच कुणीतरी उद्या मिलान घेऊन मोर्च्यात बसणार आहे. त्याच्या डोक्यावर हेलिकॉप्टर असणं-नसणं यानं काय फरक पडतो, हे त्याला नीट कळायला हवं.

आधी पैशांचं बघू. मार्च २०२५ मध्ये १५६ प्रचंडचा करार झाला, ६२,७०० कोटींचा. म्हणजे एकामागे सुमारे ४०० कोटी. मार्च २०२१ मध्ये ४,९६० मिलान-२टी क्षेपणास्त्रांचा करार १,१८८ कोटींना झाला. म्हणजे एक साधारण २४ लाखांना. भागाकार केला तर एका प्रचंडमागे साडेसोळाशेच्या वर मिलान येतात. एवढ्यापुरता हिशेब बरोबर. पण त्या ४०० कोटींत प्रशिक्षण आणि बाकीची साधनसामग्रीही आहे, आणि हेलिकॉप्टर रोज नवा दारूगोळा भरून पुन्हा उडतं. मिलानचं नळकांडं एकदाच उडतं. आणि ते उडवायला लाँचर लागतो, शिकवून तयार केलेला गनर लागतो, दोघांना योग्य जागी पोहोचवणारी जीप लागते. साडेसोळाशे क्षेपणास्त्रं डेपोत पडून असली तर त्यांनी एकही रणगाडा अडत नाही.

मिलान मोर्च्यात कसं चालतं ते पाहिलं की हा मुद्दा आणखी स्पष्ट होतो. लाँचर सुमारे १६ किलोचा, नळकांड्यासह क्षेपणास्त्र १२ किलोच्या आसपास. पल्ला २ किलोमीटरच्या आत-बाहेर. क्षेपणास्त्राच्या शेपटाला बारीक तार असते, ती मागे उलगडत जाते आणि त्याच तारेतून दिशा बदलण्याचे हुकूम जातात. गनरनं दुर्बिणीतला क्रॉस लक्ष्यावर धरून ठेवायचा, क्षेपणास्त्र आदळेपर्यंत. २ किलोमीटरला त्याला साडेबारा सेकंद लागतात. एवढ्या वेळात शेजारी तोफगोळा पडला आणि गनरचा हात हलला, की क्षेपणास्त्र जमिनीत घुसतं. मध्ये झुडपं किंवा विजेच्या तारा आल्या तर गनिमाला काही करावंही लागत नाही, तारच अडकते. वाळवंटात तर मागून निघणाऱ्या झोतानं धुळीचा लोट उठतो आणि मोर्चा कुठं आहे ते समोरच्या प्रत्येक रणगाड्याला दिसतं. त्यामुळे एक-दोन मारे झाले की पर्यायी मोर्च्यावर सरकावंच लागतं. तो आधीच खणून ठेवलेला नसेल, तर दुसरा मारा करायला गनर उरत नाही. बीएमपी-२ या चिलखती गाडीवरचं कोंकूर्स क्षेपणास्त्र ४ किलोमीटरपर्यंत जातं, पण तार तिथंही आहे आणि पूर्ण पल्ल्याला लागणारा वेळ मिलानपेक्षा जास्त.

आता ब्रिगेडचा विचार करा. तीन पलटणी, तीनेक हजार माणसं, आणि वाळवंटात आघाडी सातारा ते कोरेगाव एवढी लांब सहज असू शकते. शत्रू त्या सगळ्या लांबीवर सारखा येत नाही. चाळीसच्या वर रणगाड्यांची एक रेजिमेंट तो दोन-तीन किलोमीटरच्या पट्ट्यात घालतो. त्या पट्ट्यातले मिलान लढतात, बाकीचे रिकामे बसून राहतात. त्यांना उचलून तिकडं न्यायचं तर जीप, रस्ता आणि डोक्यावर पडणारे तोफगोळे, सगळं आलं. ताशी २५० किलोमीटरनं जाणारं हेलिकॉप्टर सातारा-कराडएवढं अंतर बारा मिनिटांत कापतं. ब्रिगेडियरला ४०० कोटींत मिळते ती ही गोष्ट: फळी फुटते आहे असं दिसलं की त्याच घटकेला तिथं पोहोचणारी राखीव ताकद. जमिनीवरची कुठलीच राखीव तुकडी एवढ्या वेळात हलत नाही.

युक्रेनचा मुद्दा अर्धा खरा आहे. २०२२ च्या सुरुवातीला रशियाची हेलिकॉप्टर शत्रूच्या डोक्यावरून उडत गेली आणि खांद्यावरच्या विमानविरोधी क्षेपणास्त्रांनी पडली. हे आपल्याला युक्रेननं शिकवावं लागलं नव्हतं. २८ मे १९९९ ला, कारगिल युद्धात, तोलोलिंगवर रॉकेट टाकायला गेलेलं आपलं एमआय-१७ हेलिकॉप्टर स्टिंगर या खांद्यावरच्याच क्षेपणास्त्रानं पडलं, चार जण हुतात्मा झाले. त्या हेलिकॉप्टरवर फ्लेअर, म्हणजे क्षेपणास्त्राला चकवणारे जळते गोळे, सोडायची यंत्रणा नव्हती. त्यानंतर सशस्त्र एमआय-१७ त्या कामातून मागे घेतली गेली. २४ मार्च २००३ ला इराकमध्ये करबलाजवळ अमेरिकेची तीसच्या वर अपाचे हेलिकॉप्टर एकत्र शत्रूच्या पोटात शिरली. एक पडलं, बाकीची जवळपास सगळी गोळ्यांनी चाळण होऊन परतली.

पण मजकूर जिथं थांबतो, तिथून पुढे २०२३ चा उन्हाळा येतो. युक्रेनच्या चिलखती तुकड्या झापोरिझिया भागात सुरुंगांमध्ये अडकल्या, तेव्हा रशियाची केए-५२ लढाऊ हेलिकॉप्टर आपल्याच हद्दीत, जमिनीलगत राहून आठ-दहा किलोमीटरवरून क्षेपणास्त्रं सोडत होती. हेलिकॉप्टर तेच, वापरायची पद्धत बदलली. त्यावर युक्रेनला तोड सापडली ती ऑक्टोबर २०२३ मध्ये, बेर्द्यान्स्क आणि लुहान्स्कच्या रशियन हेलिकॉप्टर-तळांवर दूरवरून मारा करून. हेलिकॉप्टर हवेत असताना तितकं सापडत नाही, जितकं इंधन भरताना सापडतं. खरी काळजी तिथं घ्यायची.

अपाचेची रचनाच या पद्धतीसाठी आहे. रडारचा घुमट पंख्याच्याही वर बसवलेला असतो. हेलिकॉप्टर टेकाडाआड तरंगतं, घुमट तेवढा वर काढून लक्ष्यं टिपतं, आणि रडारवर चालणारं हेलफायर क्षेपणास्त्र सोडून पुन्हा खाली बसतं. पल्ला ८ किलोमीटरपर्यंत, एका खेपेला १६ क्षेपणास्त्रं. लेझरवर चालणारं हेलफायर वापरलं तर लक्ष्यावर लेझर शेवटपर्यंत कुणीतरी धरावा लागतो आणि धूर-धुळीत तो तुटतो. म्हणून दोन्ही जातींची गरज असते.

याची किंमत मागे मोजावी लागते. एका अपाचेच्या टाकीत सुमारे १,४०० लिटर इंधन बसतं. सहा अपाचे एकदा भरायची तर साडेआठ हजार लिटर. म्हणजे आघाडीच्या जरा मागे इंधनाचे रबरी फुगे, पंप, क्षेपणास्त्रांच्या पेट्या, आग विझवायची साधनं, आणि नळी जोडण्याआधी न विसरता अर्थिंग करणारी माणसं. वाळवंटात उतरताना पंख्याच्या धुळीत वैमानिकाला जमीन दिसेनाशी होते, म्हणून जागा आधी पाणी मारून किंवा जाळी अंथरून तयार लागते. हा सगळा पसारा एकाच ठिकाणी जास्त वेळ ठेवला तर बेर्द्यान्स्कसारखी गत होते.

ड्रोनबद्दल वाद घालायचं कारण नाही. ब्रिगेडकडे ते असायलाच हवेत, भरपूर असायला हवेत. पण छोट्या ड्रोनवर किलो-दोन किलोचं स्फोटक बसतं. रणगाडा थांबवायला नेमक्या कमकुवत जागी लागावं लागतं, आणि अनेकदा एकावर तीन-चार खर्ची पडतात. रेडिओवर चालणाऱ्या ड्रोनचा रेडिओ जाम झाला की तो ताब्यातून जातो. लडाखच्या थंडीत बॅटरी लवकर बसते, विरळ हवेत भार कमी उचलला जातो, आणि तिथला वारा वेगळाच. आणि एक साधी गोष्ट: ड्रोन जखमी जवानाला उचलून आणत नाही.

मजकुरात हेच मुळात सुटलंय. ब्रिगेडसाठी हेलिकॉप्टर म्हणजे फक्त रणगाडे मारायचं यंत्र नव्हे. उंचावरच्या चौक्यांना रसद, जखमींची सुटका, तोफखान्याचा मारा दुरुस्त करणं, जवानांना डोंगरापलीकडे उतरवणं, आणि उतरवणाऱ्यांना संरक्षण. हे शेवटचं नसलं तर काय होतं ते ऑक्टोबर १९८७ मध्ये श्रीलंकेत, जाफना विद्यापीठातल्या आपल्या शांतिसेनेच्या कारवाईत दिसलं. सशस्त्र हेलिकॉप्टरची सोबत नसताना एमआय-८ या वाहतुकीच्या हेलिकॉप्टरमधून जवान उतरवले. गोळीबारानं हेलिकॉप्टर जायबंदी झाली, पुढच्या खेपा थांबल्या. १३ शीख लाइट इन्फन्ट्रीच्या उतरलेल्या तीस जणांपैकी एकच वाचला, तोही कैद झाला. एमआय-२५ ही लढाऊ हेलिकॉप्टर श्रीलंकेत आली ती त्यानंतर.

लोंगेवाला मात्र उलट बाजूचा पुरावा आहे. ४ डिसेंबर १९७१ च्या रात्री मेजर कुलदीपसिंग चांदपुरींच्या कंपनीनं जीपवरच्या १०६ मिलिमीटर आरसीएल या रणगाडाविरोधी तोफेनं पाकिस्तानी रणगाडे अडवून धरले. उजाडल्यावर ते मारले हंटर विमानांनी, आणि त्यांना लक्ष्य दाखवत होतं छोटं कृषक टेहळणी विमान. जमिनीवरच्या शस्त्रानं वेळ मिळवला, हवेतून निकाल लागला. हंटर रात्री मारा करू शकत नव्हती म्हणून कंपनीला सकाळपर्यंत एकटं झुंजावं लागलं. रात्री दिसणारं हेलिकॉप्टर हीच उणीव भरून काढतं.

मजकूर लिहिणाऱ्यानं विचारायला हवे होते ते प्रश्न वेगळे आहेत. ऑक्टोबर २०२२ मध्ये हवाई दलात आला तेव्हा प्रचंडवर २० मिलिमीटरची तोफ होती, ७० मिलिमीटरची रॉकेट होती, हवेतून हवेत मारायचं मिस्त्राल होतं, पण रणगाडाविरोधी क्षेपणास्त्र नव्हतं. ७ किलोमीटर पल्ल्याचं हेलिना हे रणगाडाविरोधी क्षेपणास्त्र त्यावर चढल्याशिवाय तो ट्रक आणि हलकी वाहनं मारेल, रणगाडा नाही. आपल्या लष्करानं फेब्रुवारी २०२० मध्ये मागवलेल्या सहा अपाचेंपैकी पहिली तीन आली जुलै २०२५ मध्ये. आणि जानेवारी २०२५ च्या पोरबंदर अपघातानंतर ध्रुव हेलिकॉप्टरचा अख्खा ताफा जमिनीवर बसला, तेव्हा त्याच सांगाड्यावरचं सशस्त्र रुद्रही बसलं, काही महिने. त्या काळात एखाद्या ब्रिगेडला रुद्रची गरज पडली असती, तर डेपोतल्या मिलाननं ती भागली नसती.