सव्वीस वर्षं, दहा मतं आणि अण्णांची वही

आज दुपारी डबा खाताना ऑफिसच्या ग्रुपवर स्ट्रासबर्गचा व्हिडिओ आला. युरोपच्या संसदेबाहेर ट्रॅक्टर लावलेले, शेतकरी एकमेकांना मिठ्या मारतायत. खाली आमच्या लोकांच्या कॉमेंटी: 'सबसिडी खाऊन माजलेत', 'इथून तिथून सारखेच, रस्ता अडवायला पुढे'. वर हसणारे चेहरे. तिथे बोलले असते तर उद्या कँटीनमध्ये तोंड दाखवायची चोरी झाली असती. म्हणून इथे.

भानगड अशी. युरोपियन युनियन आणि ब्राझील, अर्जेंटिना, उरुग्वे, पराग्वेवाल्यांचं मेर्कोसुर, यांच्या व्यापार कराराची बोलणी सुरू झाली १९९९ ला. २०१९ ला जमलं म्हणाले, तर ॲमेझॉनचं जंगल पेटलं आणि फ्रान्सने नाक मुरडलं. २०२४ च्या डिसेंबरात उरुग्वेच्या मॉन्टेव्हिडिओत पुन्हा जमलं. गेल्या शनिवारी, १७ जानेवारी २०२६ ला, पराग्वेच्या असुन्सिओनला एकदाच्या सह्या झाल्या. आणि आज, २१ तारखेला, संसदेने ३३४ विरुद्ध ३२४ मतांनी प्रकरण युरोपच्या कोर्टाकडे धाडलं, करार तिथल्या कायद्यात बसतो का ते बघायला. शेतकऱ्यांना हेच हवं होतं, म्हणून त्या मिठ्या.

ग्रुपवरच्या कुणाच्या घरी द्राक्षबाग नाही. आमच्या आहे, निफाडला.

२०१० साली मी बारावीला होते. अण्णांची थॉमसन जातीची द्राक्षं युरोपला निघाली होती. प्लॉटची नोंदणी झालेली, रेसिड्यूचा, म्हणजे मालात उरलेल्या औषधाचा, रिपोर्ट पास. अण्णांकडे शंभर पानी वही होती, प्रत्येक फवारणी तारखेसकट त्यात. साहेबांनी लिहा म्हटलं, यांनी लिहिलं. मार्चमध्ये निर्यातदाराचा फोन आला, माल तिकडच्या बंदरात अडकला. सीसीसी सापडलं, वेलीची वाढ रोखायला वापरतात ते. मर्यादा किलोला ०.०५ मिलिग्रॅम. अण्णा कागद उन्हात धरून म्हणाले, "टिंबाच्या पुढं आणखी शून्य कशाला?" गंमत म्हणजे सीसीसी वहीत होतं, त्यांच्याच अक्षरात. आपल्याकडे जी औषधं तपासायची त्यांच्या यादीत मात्र ते नव्हतंच! नाशिक जिल्ह्यात त्या वर्षी असे कितीतरी अण्णा होते.

त्यामुळे तो फ्रेंच शेतकरी जेव्हा विचारतो, "आम्हाला बंद असलेली औषधं मारून पिकवलेला माल आमच्या बाजारात कसा?" तेव्हा मला हसू येत नाही. त्याचं बरोबरच आहे. जर्मनीला गाड्या विकायच्यात, मेर्कोसुरची गाड्यांवर ३५ टक्के जकात आहे. ती उतरवायची तर बदल्यात काहीतरी द्यावं लागणार, आणि द्यायला गोठा सापडला. बरं, कमी जकातीत येणारं गोमांस ९९ हजार टन, युरोपच्या उत्पादनाच्या दीड टक्क्याच्या आसपास. मान्य, तेवढ्याने युरोप बुडत नाही. पण भाव पाडायला किती माल लागतो ते लासलगावात जाऊन विचारा.

आता खरा राग येतोय तो लिहिते. युरोपने स्वतःच्या शेतात बंद केलेली कीटकनाशकं युरोपातलेच कारखाने बनवतात आणि ब्राझीलला विकतात. मग तोच ब्राझीलचा माल दारात आला की नाकाला रुमाल. म्हणजे बंदी फक्त आपल्या ताटापुरती! ब्राझीलवाल्याने कुणावर विश्वास ठेवायचा? त्याच्याही घरी एखादी वही असेल की.

०.०५ चा नियम चुकीचा होता असं नाही म्हणत मी. माझी पोरगी द्राक्षं खाते, मला औषध नकोच आहे. पण नियम माल भरायच्या आधी सांगायचा असतो. बंदरात नाही. इतकी साधी गोष्ट ठरवायला दोन्हीकडच्या सुटाबुटातल्या माणसांना पाव शतक पुरलं नाही, आणि शिव्या कुणाला, तर ट्रॅक्टरवाल्याला.

आपला युरोपशी करारही २००७ ला सुरू झाला, २०१३ ला अडकला, २०२२ ला पुन्हा हलला, २०२६ च्या जानेवारीत दाराशी आलाय म्हणतात. व्हावा. खरंच व्हावा. अण्णांनी परवाच नवी वही आणलीय.

संध्याकाळी त्यांना फोन केला, सगळं सांगितलं. म्हणाले, "कोर्टात गेलं? किती वर्षांचं आहे?"

"सव्वीस."

"मग काय नाय. आपला बांधाचा दावा अठ्ठावीस वर्षांचा झाला." आणि पहाटे खुडा आहे म्हणून फोन ठेवला.