एसएसडी ‘झिजते’, म्हणून हार्ड डिस्कच बरी?

संगणक दुरुस्तीच्या दुकानांतून आणि व्हॉट्सॲपवरून एक सल्ला अनेक वर्षे फिरतो आहे: एसएसडीवर, म्हणजे फिरत्या तबकडीऐवजी फ्लॅश मेमरीच्या चिपांत डेटा साठवणाऱ्या ड्राइव्हवर, मोजक्याच वेळा लिहिता येते, वीज नसली की ती डेटा विसरते, बिघडली तर काहीही परत मिळत नाही आणि वेगाचा फायदा गेम खेळणाऱ्यांनाच होतो, तेव्हा घरच्या आणि ऑफिसच्या संगणकाला हार्ड डिस्कच बरी. यातल्या काही विधानांत तथ्याचा अंश आहे, पण निष्कर्ष चुकीचा आहे, आणि त्यापायी अजून चालण्याजोगे संगणक भंगारात जात आहेत.

झिजण्याचा मुद्दा मुळात खरा आहे. फ्लॅश मेमरीच्या पेशीत विद्युतभार साठवताना आणि पुसताना तिचा विद्युतरोधक थर दर वेळी थोडा खराब होतो. मात्र एसएसडीचा कंट्रोलर, म्हणजे तिचा कारभार पाहणारी चिप, एकाच जागी पुन्हा पुन्हा न लिहिता सगळ्या पेशींवर लेखन वाटून देतो, आणि किती लेखनापर्यंत वॉरंटी लागू राहील हे उत्पादक आकड्यांत सांगतात. सॅमसंगच्या ८७० इव्हो या ५०० जीबी ड्राइव्हसाठी ही मर्यादा ३०० टीबी, म्हणजे तीन लाख जीबी, आहे. रोज ४० जीबी लिहिले, तरी ती गाठायला वीस वर्षांहून अधिक काळ लागेल. टॅली, एक्सेल आणि ब्राउझर चालवणारा संगणक सहसा एवढे लिहीत नाही. ‘द टेक रिपोर्ट’ या संकेतस्थळाने २०१३ ते २०१५ या काळात सहा एसएसडींवर त्या बंद पडेपर्यंत अखंड लेखन केले. सर्वांनी ७०० टीबीचा टप्पा ओलांडला, आणि दोन तर २,००० टीबीच्याही पुढे गेल्या. स्वतःच्या ड्राइव्हचा हिशेब पाहायचा असेल, तर क्रिस्टलडिस्कइन्फो हे मोफत सॉफ्टवेअर उघडावे: बहुतेक एसएसडींवर आजवर एकूण किती जीबी लिहिले गेले आणि ड्राइव्ह किती तास चालू होती, हे दोन्ही आकडे तिथे समोरच दिसतात.

वीज नसताना डेटा पुसला जातो, ही भीती २०१५ साली एका सादरीकरणातल्या तक्त्याचा चुकीचा अर्थ लावल्यामुळे पसरली. तो तक्ता लेखनाची पूर्ण मर्यादा संपलेल्या ड्राइव्हबद्दल होता. मेमरी चिपांची मानके ठरवणाऱ्या जेडेक या संस्थेच्या मानकानुसार, अशा जीर्ण अवस्थेतही घरगुती वापराच्या एसएसडीने ३० अंश सेल्सिअस तापमानात वीज नसताना वर्षभर डेटा टिकवला पाहिजे. वर्षानुवर्षे कपाटात ठेवायच्या प्रतीसाठी एसएसडी निवडू नये, एवढाच यातून निघणारा रास्त अर्थ.

डेटा परत मिळवण्याच्या बाबतीत मात्र टीकाकारांचे म्हणणे मान्य केले पाहिजे. कोणती जागा आता रिकामी आहे हे संगणक ड्राइव्हला ‘ट्रिम’ या आज्ञेने कळवतो, आणि त्यामुळे खोडलेल्या फाइलची जागा एसएसडी स्वतःच साफ करते, आणि कंट्रोलर बंद पडला तर दुरुस्ती अवघड असते. पण हार्ड डिस्कचे हेड, म्हणजे डेटा वाचणारे-लिहिणारे टोक, फिरत्या तबकडीवर घासले, तर तिथला डेटाही कायमचाच जातो, आणि उरलेला काढून देणाऱ्या प्रयोगशाळेचे बिल नव्या ड्राइव्हच्या किमतीच्या कितीतरी पट असते. बॅकब्लेझ या साठवण कंपनीच्या नोंदींत पाचव्या वर्षी हार्ड डिस्क बिघडण्याचे प्रमाण ठळकपणे वाढले, तर एसएसडीचे एक टक्क्याच्या आसपास राहिले. दोन्ही प्रकारांत दुसरी प्रत ठेवणे अटळ आहे, आणि त्या प्रतीसाठी, तसेच सीसीटीव्हीच्या रेकॉर्डरसाठी, दर टीबीमागे स्वस्त पडणारी हार्ड डिस्क आजही योग्यच आहे.

राहिला वेगाचा प्रश्न, आणि इथे तो सल्ला सर्वांत जास्त चुकतो. लॅपटॉपमधली हार्ड डिस्क मिनिटाला ५,४०० फेरे घेते, म्हणजे एका फेऱ्याला सुमारे ११ मिलिसेकंद. हवा तो भाग हेडखाली येण्यासाठी सरासरी अर्धा फेरा थांबावे लागते, आणि हेड योग्य वर्तुळावर न्यायला आणखी तेवढाच किंवा जास्त वेळ जातो. त्यामुळे विखुरलेल्या छोट्या फायली तिला सेकंदाला शंभरसुद्धा वाचता येत नाहीत. विंडोज सुरू होताना नेमक्या अशाच हजारो फायली मागितल्या जातात, शिवाय अँटिव्हायरस आणि अपडेट त्याच वेळी त्याच हेडला इकडून तिकडे ओढत असतात. एसएसडीत हलणारा भागच नसल्याने हा शोध मिलिसेकंदाच्या छोट्याशा अंशात होतो. म्हणूनच दहा-बारा वर्षांच्या लॅपटॉपमध्ये साटा जोडणी (ड्राइव्हला संगणकाशी जोडणारी) जुन्या, अर्ध्या वेगाची असली, तरी हार्ड डिस्कच्या जागी बसणाऱ्या अडीच इंची एसएसडीने फरक लगेच जाणवतो: तिथे कामाला येतो तो मोठी फाइल ओढण्याचा वेग नव्हे, तर शोधण्यात जाणाऱ्या वेळेची बचत.