मुंगसाची जोडी कुठं मिळंल?

रविवारी सकाळी सकाळी मामांचा फोन. शिरोळकडं त्यांचा चार एकर ऊस आहे आणि यंदा उंदरांनी कांड्या कुरतडून पार वैताग आणलाय. "अरे, मुंगसाची जोडी कुठं मिळंल रं?" मला वाटलं चेष्टा करतायत. चेष्टा नव्हती. कारखान्याच्या सभासदांच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड फिरतोय, तोच त्यांनी मला धाडला. थोडक्यात तो असा : 'हवाई आणि फिजीत उंदीर ऊस खात होते. इंग्रजांनी १८८३ मध्ये भारतातून मुंगूस नेलं. दोन वर्षांत उंदीर नामशेष, बेटांवरची जंगलं आजही हिरवीगार. निसर्गाचा तोल निसर्गच राखतो. विष सोडा, मुंगूस पाळा. औषध कंपन्या हे तुम्हाला सांगणार नाहीत.'

एकेक घेऊ.

इंग्रजांनी नेलं? हवाईवर १८८३ साली इंग्रजांचं राज्यच नव्हतं, तिथं कालाकौआ नावाचा राजा गादीवर होता. मळेवाल्यांनी ७२ मुंगसं आणली ती जमैकातून. जमैकात ती १८७२ मध्ये कोलकात्याहून गेली होती, अवघी नऊ. ती नेणाऱ्या एस्प्यूट नावाच्या मळेवाल्यानं दहा वर्षांनी लंडनच्या झूऑलॉजिकल सोसायटीच्या नियतकालिकात मुंगसाचं गुणगान छापून आणलं आणि पुढच्याच वर्षी मुंगूस हवाईलाही पोहोचलं, फिजीलाही. साल मात्र फॉरवर्डवाल्याचं बरोबर आहे. कुणीतरी एकानं 'मला गुण आला' म्हणायचं आणि बाकीच्यांनी डोळे मिटून घ्यायचं, हा धंदा व्हॉट्सअ‍ॅपच्या आधीपासूनचा आहे.

उंदीर नामशेष? हवाईत उंदीर आजही आहेत आणि भरपूर आहेत. मुंगूस उंदीर खातं, हे मान्य करावंच लागेल. पण मुंगूस हिंडतं दिवसा, उंदीर मुख्यतः रात्री, आणि काळा उंदीर सरळ झाडावर चढतो. शिवाय मुंगसाला उंदीरच पाहिजे असा त्याचा हट्ट नाही. किडे, सरडे, फळं, अंडी, पिल्लं, जे सोपं ते आधी. अंडी पळून जात नाहीत.

फॉरवर्डमधली 'जंगलं आजही हिरवीगार' ही ओळ वाचून मात्र माझं डोकं फिरलं. हिरवीगार असतील, पण त्यात राहतंय कोण? या बेटांवर माणूस पोहोचेपर्यंत जमिनीवर फिरणारा एकही शिकारी सस्तन प्राणी नव्हता. तिथले पक्षी बिनधास्त जमिनीवर घरटी करायचे. आपली टिटवी पण उघड्या रानात अंडी घालते, पण मुंगूस दिसलं की अख्खं शिवार डोक्यावर घेते. तिच्या हजारो पिढ्या मुंगसाच्या शेजारात गेल्यात. हवाईच्या नेनेच्या (हे तिथल्या रानहंसाचं नाव, कोकणातल्या आडनावाशी संबंध नाही) गेल्या नव्हत्या. पिल्लं लहान असतानाच त्याची पिसं झडतात आणि काही आठवडे त्याला उडताही येत नाही. शिकारीनं आधीच घटलेला हा पक्षी, त्यात मुंगूस. १९५० च्या आसपास रानात तीसेक नेने उरले होते. पिंजऱ्यात पैदास करून सोडले म्हणून आज दिसतात, आणि सगळ्यात जास्त दिसतात हवाईच्याच कौआई बेटावर, जिथं मुंगसानं बस्तान बसवलेलं नाही. तिथं असं सांगतात, की बंदरात मुंगसानं हमालाला चावा घेतला आणि त्यानं चिडून पेटी समुद्रात फेकली. दंतकथा असेल, पण त्या हमालाचा पुतळा उभारायला हरकत नाही.

फिजीतही तेच. तिथला पट्टेरी पंखांचा, जमिनीवर राहणारा एक पाणकोंबडीवर्गीय पक्षी १९७३ नंतर कुणाला खात्रीनं दिसलेला नाही. फिजीचा जमिनीवरचा बेडूक मोठ्या बेटांवर दुर्मीळ झाला, तावेउनीसारख्या मुंगूस नसलेल्या बेटांवर टिकला.

'निसर्गाचा तोल निसर्गच राखतो.' मग बोटीतून पेटीत घालून मुंगूस नेणारा कोण होता? प्रशांत महासागरातल्या मूरेआ बेटावरची गोष्ट ऐका. तिथं मोठी आफ्रिकन गोगलगाय माजली. आपल्या लातूर-बीडकडं २०२२ मध्ये जिनं सोयाबीनची रोपं फस्त केली, तीच ही शंखी गोगलगाय. तिला खायला म्हणून १९७७ मध्ये दुसरी, शिकारी गोगलगाय सोडली. तिनं मोठीला सोडून तिथल्या चिमुकल्या झाडगोगलगायी संपवल्या. दहा वर्षांत मूरेआच्या रानातून त्या गेल्या. प्राणिसंग्रहालयांत थोड्या जपल्या होत्या म्हणून आता परत सोडतायत. मोठी गोगलगाय अजून आहेच.

खरंच एकच दाखला पुरे असेल तर जपानचं अमामी ओशिमा बेट घ्या. हाबू नावाच्या विषारी सापाला आवर घालायला १९७९ मध्ये तिथं सुमारे ३० मुंगसं सोडली. साप निशाचर, मुंगूस दिवसाचं; गाठ पडणार कशी? मुंगसांनी साप सोडून तिथले दुर्मीळ काळे ससे धरले. २००० पर्यंत ३० ची दहा हजारांच्या घरात गेली. मग सापळे, कॅमेरे, वास काढणारी कुत्री, खास पथक, असं वर्षानुवर्षं चाललं. ३२ हजारांहून जास्त मुंगसं मारल्यावर सप्टेंबर २०२४ मध्ये जपान सरकारनं बेट मुंगूसमुक्त जाहीर केलं. सोडायला एक दिवस, निस्तरायला पंचेचाळीस वर्षं.

सगळं पाप मुंगसाचंच, असं माझं म्हणणं नाही. मांजरं आहेत, जहाजातून गेलेले उंदीर आहेत, उसासाठी तोडलेलं जंगल आहे. औषध कंपन्यांवर मात्र मी शब्द खर्च करत नाही. उंदराच्या विषानं घुबडं मरतात, हे मी मामांना स्वतःच कितीदा सांगितलंय.

मामांच्या बांधावर मुंगूस आधीपासून आहे. बेटांवर गेलेल्याचा थोरला भाऊ म्हणा, राखी मुंगूस. ते आहे आणि उंदीरही आहेत, यातच उत्तर मिळायला हवं होतं. आणि जोडी विकत घेणं, पकडणं हा वन्यजीव कायद्यानं गुन्हा आहे, तेव्हा कुणी विकायला आलं तर घेऊ नका म्हटलं. त्यापेक्षा बिळं खणून काढा, बांध साफ ठेवा, पक्षीथांबे उभे करा; रात्री गव्हाणी घुबड येऊन बसेल.

"घुबड?" मामा म्हणाले, आणि बराच वेळ गप्प. हवाईनं १९५८ मध्ये उंदरांसाठी हेच घुबड बाहेरून आणलं आणि आता ते तिथले समुद्रपक्षी खातंय, हे मी त्यांना सांगितलेलं नाही. आपल्याकडं ते मूळचंच आहे, पण तेवढा फरक त्या ग्रुपवर टिकायचा नाही.