निष्ठावान चाहत्याने १ जानेवारीला काय करावे

सायकल शर्यतींच्या एखाद्या व्यावसायिक संघावर तुमचा जीव जडला असेल, तर सर्वप्रथम तुमचे अभिनंदन, आणि लगोलग एक सूचना: ज्याच्यावर जीव जडला आहे ते नेमके काय आहे, याची फार चौकशी करू नका. फुटबॉलच्या चाहत्याला निदान एक शहर आणि एक मैदान असते. सायकलच्या संघाला मैदान नाही आणि तिकीटविक्रीही नाही. शर्यत सार्वजनिक रस्त्यावरून जाते आणि कडेला उभ्या राहिलेल्या माणसाकडून कोणी छदामही घेत नाही. त्यामुळे संघाचा जवळजवळ सगळा खर्च प्रायोजक उचलतो आणि ज्याचा पैसा त्याचे नाव, हा साधा न्याय येथे पाळला जातो. ज्याच्या नावाने तुम्ही घसा कोरडा करता तो क्विक-स्टेप म्हणजे घरातली लॅमिनेटची जमीन आहे, सूदाल म्हणजे फटी बुजवण्याचा फोम आहे, २०२५ पर्यंत घोळक्यात असलेले डेकनिंक म्हणजे खिडक्यांच्या चौकटी, हान्सग्रोहे म्हणजे न्हाणीघरातला शॉवर आणि बोरा म्हणजे स्वयंपाकघरातला धूर ओढून घेणारे यंत्र. अख्खे घर उभे राहील एवढे साहित्य शर्यतीच्या घोळक्यात फिरत असते, आणि पैसे कमी पडलेच तर कर्ज द्यायला कोफिडिस आहे. अल्पेसिनच्या शांपूबद्दल मी बोलत नाही, कारण संघबदलाच्या बातम्या वाचून गळणारे केस हा स्वतंत्र विषय आहे.

तेव्हा पहिला सल्ला असा, की संघाचे नाव शरीरावर गोंदवून घेऊ नका. नेदरलँड्सच्या एकाच संघाचे उदाहरण घ्या. राबोबँकेने २०१२ च्या अखेरीस, उत्तेजकांच्या प्रकरणांना कंटाळून, त्याच्यावरून आपले नाव काढून घेतले. नवा यजमान मिळेपर्यंत हा संघ 'ब्लांको', म्हणजे कोरा, या नावाने खेळला, आणि माझ्या मते या खेळाच्या इतिहासातले हे सर्वांत प्रामाणिक नाव होय. मग २०१३ च्या मध्यावर बेल्किन आले, २०१५ मध्ये लोट्टोएनएल-यम्बो, २०१९ मध्ये यम्बो-विस्मा आणि २०२४ मध्ये विस्मा-लीज अ बाइक. बेल्किन हे नाव जेमतेम दीड वर्ष टिकले. त्या दीड वर्षातली एक जर्सी माझ्या कपाटात आहे. तिची झिप अजून नीट चालते, मागच्या तिन्ही खिशांचे इलॅस्टिक शाबूत आहे; फक्त ती घालून बाहेर पडलो की लोक मला संगणकाच्या वायरी विकणारा समजतात. तुम्हीही अशी जर्सी घेतली असेल, तर ती टाकू नका. दहा वर्षांनी तिला 'जुन्या काळातली' म्हणतात आणि मग मूर्खपणाला अभिरुचीचा दर्जा मिळतो.

ऑगस्ट महिन्यात तुम्ही आश्चर्यचकित व्हायचे आहे. जागतिक महासंघाच्या नियमांप्रमाणे पुढील मोसमासाठीच्या संघबदलाची अधिकृत दारे १ ऑगस्टला उघडतात, आणि त्याआधी कोणी काही जाहीर करायचे नसते. कोण कुठे चालला आहे हे मे महिन्यात यांत्रिक कारागिरांपासून बसचालकापर्यंत सर्वांना ठाऊक असते, पण म्हणून तुम्ही ते ठाऊक असल्याचे दाखवणे शिष्टाचाराला धरून नाही. बेल्जियन स्वार रेम्को एव्हेनेपूल सूदाल क्विक-स्टेप सोडून रेड बुल-बोरा-हान्सग्रोहेमध्ये जाणार, ही वदंता इतकी जुनी झाली होती, की ५ ऑगस्ट २०२५ ला ती खरी ठरली तेव्हा तिला दाढी आली होती. तरीही तुम्ही डोळे विस्फारलेत, हे योग्यच केलेत. या प्रकरणात तुमच्यासाठी एक दिलासाही होता. जुना संघ स्पेशलाइज्ड कंपनीच्या सायकलींवर, आणि नवा संघही स्पेशलाइज्डच्याच सायकलींवर. घर बदलले, माणसे बदलली, भाषा बदलली, पण अंथरूण तेच राहिले. भक्ताच्या खिशाला न लागणारा असा प्रेमभंग वारंवार येत नाही. त्याचा मनसोक्त आनंद घ्यावा.

करारपत्राविषयी मात्र अवाजवी आदर बाळगू नका. त्यावर लिहिलेले वर्ष हे औषधाच्या बाटलीवरील तारखेसारखे असते. त्याआधी बाटली फुटू शकते. डिसेंबर २०२३ मध्ये सियान आउटडेब्रुक्स हा तरुण बेल्जियन स्वार आपल्याकडे आल्याचे यम्बो-विस्माने जाहीर केले आणि त्याच दिवशी बोरा-हान्सग्रोहेने कळवले, की तो २०२४ अखेरपर्यंत आमचाच आहे. एकाच नवऱ्या मुलाच्या दोन वराती निघाल्या, आणि शेवटी तो पहिल्या मांडवात गेला. तेथून २०२६ साठी तो मोव्हिस्टारमध्ये गेला. हुआन आयुसो या स्पॅनिश स्वाराचे प्रकरण त्याहून सुबक आहे. यूएई संघाशी त्याचा करार २०२८ पर्यंत होता. व्हुएल्टा, म्हणजे स्पेनची तीन आठवड्यांची शर्यत, ऐन रंगात असताना, १ सप्टेंबर २०२५ च्या विश्रांतीच्या दिवशी, संघाने काडीमोड जाहीर केली. ४ सप्टेंबरला त्याने त्याच संघाची जर्सी घालून टप्पा जिंकला आणि पुढच्या मोसमात तो लिडल-ट्रेककडे गेला. अशा वेळी चाहत्याने टाळी वाजवावी की नाही, असा प्रश्न तुम्हाला पडेल. वाजवावी, परंतु एका हाताने.

त्यानंतर येतो हिवाळा, आणि तो मला सर्वांत प्रिय आहे. जुना करार ३१ डिसेंबरच्या मध्यरात्री संपतो, पण नव्या सायकलीची सवय तर आधीपासून करायला हवी. म्हणून नोव्हेंबर-डिसेंबरात स्पेनच्या किनाऱ्यावरच्या सराव शिबिरांत तुम्हाला एक विलक्षण प्राणी दिसतो. त्याचे धड जुन्या संघाच्या रंगात असते आणि त्याच्या मांड्यांखाली नव्या संघाची सायकल असते, किंवा मग लाज राखण्यासाठी त्याला नखशिखांत काळे कपडे घातलेले असतात. कारागीर पट्टी घेऊन गुडघ्यांवर बसलेला असतो. पेडलांच्या आसाच्या मध्यापासून खोगिराच्या माथ्यापर्यंतचे अंतर, खोगिराचे टोक त्या आसाच्या किती मागे आहे ते, आणि तेथून हँडलच्या ब्रेकपर्यंतची पोच, ही तीन मापे जुन्या सायकलीवरून घेऊन नव्या सायकलीवर मिलिमीटरपर्यंत उतरवायची असतात. ती उतरतातही. अडचण एवढीच, की पुष्कळदा खोगिराचा प्रायोजकही बदललेला असतो, आणि ज्या अवयवावर माणूस दिवसाचे पाच-सहा तास बसणार, त्या अवयवाला करारातली कलमे वाचता येत नाहीत. स्वार जागेवरून जरासा सरकतो, पुन्हा सरकतो, कारागीर पुन्हा चावी घेतो. शेवटी छायाचित्रकार येतो आणि स्वार हसतो.

१ जानेवारीला तो बोलतो. तो काय बोलेल हे पाठ करून ठेवा, म्हणजे त्याच्याबरोबर म्हणता येईल: पहिल्याच दिवशी घरी आल्यासारखे वाटले, ही सायकल आधीच्या सगळ्या सायकलींपेक्षा ताठ आहे, हलकी आहे, वेगवान आहे आणि तरीही आरामशीर आहे. गेल्या वर्षीच्या सायकलीविषयी गेल्या जानेवारीत त्याने नेमके हेच म्हटले होते, अशी आठवण काढणे हे हलक्या मनाचे लक्षण आहे. महासंघाने २००० सालापासून सायकलीचे किमान वजन ६.८ किलोग्रॅम ठरवून दिले आहे आणि पुष्कळ वर्षांपूर्वीच कंपन्या त्या रेषेला येऊन टेकल्या, ही गोष्टही मनात आणू नका. दर जानेवारीला सगळ्यांच्या सायकली हलक्या होत राहिल्या असत्या, तर एव्हाना त्या दोरीने बांधून ठेवाव्या लागल्या असत्या, हा हिशेब शत्रुपक्षाचा आहे.

असाच आणखी एक हिशेब तुम्ही कधीही करू नये, आणि तो करू नये म्हणूनच मी येथे संपूर्ण देत आहे. प्रिमोझ रॉग्लिचने व्हुएल्टा चार वेळा जिंकली. २०१९ मध्ये तो बियांकीवर होता, २०२० मध्येही बियांकीवर, २०२१ मध्ये संघाने कंपनी बदलल्यामुळे सर्व्हेलोवर, आणि २०२४ मध्ये त्यानेच संघ बदलल्यामुळे स्पेशलाइज्डवर. प्रत्येक विजयानंतर संबंधित कंपनीने हा सायकलीचा विजय असल्याचे सुचवले. याचा अर्थ एवढाच निघतो, की तिन्ही कंपन्या श्रेष्ठ आहेत. या चारही वेळी सायकलीवर तोच एक स्लोव्हेनियन गृहस्थ बसलेला होता, हा निव्वळ योगायोग समजावा. या शर्यतींत वापरलेली सायकल बाजारात विकत मिळाली पाहिजे, असा महासंघाचा नियम आहे, आणि तो तुमच्या भल्यासाठीच केलेला आहे. सायकल विकत मिळते. रॉग्लिच मिळत नाही, पण त्याबद्दल दुकानदाराला दोष देता येणार नाही.

सायकलीच्या नळीवर लिहिलेले नाव वाचताना थोडी श्रद्धा लागते. अमेरिकेतील हफी ही कंपनी मोठ्या दुकानांतून मुलांच्या स्वस्त सायकली विकण्यासाठी प्रसिद्ध होती. १९८८ च्या जिरोमध्ये, म्हणजे इटलीच्या तीन आठवड्यांच्या शर्यतीत, गाव्हिया घाटावरच्या हिमवादळातून बाहेर पडून अँडी हॅम्पस्टेनने ती शर्यत जिंकली, असा मान मिळवणारा तो पहिला अमेरिकी, आणि त्याच्या सायकलीवर ठळक अक्षरांत 'हफी' लिहिले होते. प्रत्यक्षात ती चौकट जॉन स्लाव्टा नावाच्या कारागिराने हाताने जोडलेली होती. नाव कथलाबाई आणि हाती सोन्याचा वाळा, अशी म्हण आपल्याकडे नसल्याने ती येथे उलटी करून घ्यावी लागते. त्या वर्षी ज्या बापाने श्रद्धेने आपल्या मुलाला हफी घेऊन दिली असेल, त्याला माझा नमस्कार. उलट प्रकारही घडतो. टोकियो ऑलिंपिकमध्ये २०२१ साली टॉम पिडकॉकने डोंगरी सायकलीचे सुवर्णपदक जिंकले तेव्हा त्याचा संघ पिनारेलो कंपनीच्या सायकली वापरत होता, परंतु त्याच्याखालची सायकल होती बीएमसीची, काळी कुळकुळीत, नाव पुसलेली. कंपनीने जगातली सर्वोत्तम जाहिरात केली आणि त्यात स्वतःचे नावच नव्हते. तेव्हा जेथे काळी चिकटपट्टी किंवा विनाकारण काळा रंग दिसेल, तेथे बारकाईने पाहा. ज्या सामानावर स्वाराचा खरा विश्वास असतो, ते सामान बहुधा तेथेच असते.

कधीकधी स्वार सायकलीमागे जात नाही, सायकलच स्वाराच्या मागे जाते, हेही लक्षात असू द्या, नाहीतर तुम्ही चुकीच्या दिशेला तोंड करून उभे राहाल. स्लोव्हाक स्वार पीटर सागान २०१७ मध्ये बोरा-हान्सग्रोहेत आला तेव्हा स्पेशलाइज्ड त्याच्या पाठोपाठ आली. आधी तेथे असलेली आर्गॉन १८ ही सायकल कंपनी अस्ताना संघाकडे गेली, जेथून स्पेशलाइज्ड नुकतीच उठली होती. खुर्च्यांचा खेळ इतक्या नीटनेटकेपणाने क्वचितच खेळला जातो. २०२२ मध्ये सागान टोटालएनर्जीजमध्ये गेला, तर स्पेशलाइज्ड तेथेही गेली. २०२३ अखेर तो रस्त्यावरून निवृत्त झाला आणि २०२४ मध्ये तो संघ एन्व्हेच्या सायकलींवर दिसू लागला, म्हणजे जावई गेला आणि आंदणही गेले. पिडकॉकने तर सगळ्यांवर कडी केली. डिसेंबर २०२४ मध्ये, २०२७ पर्यंतचा करार मोडून, तो आपल्या इनिओस संघाची पिनारेलो सोडून क्यू३६.५ या लहान संघाच्या स्कॉटवर बसला, त्या सायकलीवर २०२५ च्या व्हुएल्टात तिसरा आला, आणि २०२६ मध्ये त्या संघाचे नाव झाले पिनारेलो-क्यू३६.५. त्याच्या ज्या भक्ताने जानेवारी २०२५ मध्ये पिनारेलो विकून स्कॉट घेतली असेल, त्याने कोणताही खुलासा मागू नये. तो भक्त आहे, भागधारक नव्हे.

हल्ली कंपन्यांनाही या धावाधावीचा कंटाळा आलेला दिसतो. कोल्नागोचा मोठा हिस्सा २०२० मध्ये अमिरातीतील गुंतवणूकदारांनी घेतला आणि अमिरातीच्याच संघातला तादेई पोगाचार त्या सायकलीवर २०३० पर्यंत बसणार आहे. २०२५ मध्ये एक्सडीएस हा चिनी सायकल उत्पादक अस्तानाच्या नावात आणि चाकांखाली एकदमच आला. डेकॅथलॉनने संघाला नावही दिले आणि व्हॅन रायसेल ही आपली सायकलही. ट्रेकचे मात्र उलटे झाले: सायकल कंपनीने स्वतःचा संघ काढला आणि २०२३ मध्ये त्याच्या नावापुढे लिडल हे सुपरमार्केट येऊन बसले. तुम्हाला मनःशांती हवी असेल, तर मालक आणि सायकल एकाच खिशातून आलेली असतील असा संघ निवडा. किंवा विस्मा-लीज अ बाइकच्या नावातला सल्ला जसाच्या तसा ऐका. मुदतीवर सायकल घ्या, मुदत संपली की परत करा. संपूर्ण घोळक्यात खरे बोलणारे नाव हे दुसरेच, पहिले ब्लांको.

जानेवारीत ॲडलेडच्या टूर डाउन अंडरला तुमचा लाडका स्वार नव्या रंगात प्रथम दिसेल, आणि तुम्ही त्याला ओळखणार नाही, कारण हेल्मेट, चष्मा, जर्सी आणि सायकल यांपैकी काहीही ओळखीचे उरलेले नसेल. घाबरू नका, त्याच्या पेडल मारण्याच्या लकबीकडे पाहा, खांदे कोणत्या बाजूला झुकतात ते पाहा, तेवढ्यासाठी अजून कोणाचे प्रायोजकत्व लागत नाही. चढावर रस्त्यात त्याचे नाव रंगवायचे असेल, तर केवळ पहिले नाव रंगवा. संघाचे नाव लिहायचाच आग्रह असेल, तर खडूने लिहा.