१८७० साली फ्रान्स बंदुकीमुळे हरला? दोन युद्धांची सरमिसळ झाली आहे

‘१८७०च्या युद्धात फ्रान्सचा धुव्वा उडाला, कारण प्रशियाकडे मागून भरायची आधुनिक सुईची बंदूक होती आणि फ्रेंच सैनिक ठासणीच्या जुनाट बंदुका घेऊन लढत होते. अब्रू गेल्यावर फ्रान्सने त्या भंगारात काढल्या.’ हा मजकूर अधूनमधून फिरत असतो. सोबत बहुतेकदा तो घासून गुळगुळीत झालेला विनोदही असतो: फ्रेंच रायफल विकणे आहे, एकदाही झाडलेली नाही, फक्त एकदा खाली पडली आहे. विनोदाचं ठीक आहे. पण बाकीचं इतिहास म्हणून खपतंय, ते तपासू.

ठासणीच्या बंदुकीची गोष्ट खोटी नाही, फक्त ती दुसऱ्या युद्धाची आहे. प्रशिया हे तेव्हाचं बलाढ्य जर्मन राज्य. ऑस्ट्रियाशी झालेल्या युद्धात, ३ जुलै १८६६ला केनिगग्रेट्सच्या लढाईत, त्याच्या सैनिकांकडे ड्रायझे, म्हणजे सुईची बंदूक होती आणि ऑस्ट्रियनांकडे ठासणीची लोरेन्त्स. प्रशियन सैनिक आडवं पडून बंदूक भरू शकायचा. ऑस्ट्रियनाला गज ठासायला बहुतेक वेळा उभंच राहावं लागायचं. या निकालाने पॅरिस हादरलं आणि दोन महिने व्हायच्या आत, ३० ऑगस्टला, आंत्वान शासपो या कारागिराची मागून भरायची बंदूक फ्रेंच सैन्यासाठी मंजूर झाली. १८७०च्या जुलैमध्ये युद्ध पेटलं तेव्हा अशा जवळपास १० लाख बंदुका फ्रान्सकडे तयार होत्या.

आणि ‘आधुनिक’ कोण? ड्रायझे प्रशियाने १८४१ साली स्वीकारलेली, म्हणजे तिशीला टेकलेली. शासपो चार वर्षांची. दोन्हींत कागदी काडतूस आणि ते भेदणारी सुई, पण फरक पाहण्यासारखा आहे. ड्रायझेत ठिणगीचा मसाला दारूच्या पुढे, गोळीच्या बुडाशी असायचा. त्यामुळे लांब सुईला अख्खी दारू भेदून तिथवर जावं लागे आणि दारू पेटली की ती त्या आगीतच सापडे. शासपोत मसाला काडतुसाच्या बुडालाच होता, म्हणून सुई आखूड. शिवाय बोल्टच्या, म्हणजे नळीचं मागचं तोंड बंद करणाऱ्या सरकत्या दांड्याच्या, टोकाला एक जाड रबरी कडी. बार उडाला की वायूच्या दाबाने ती चेपून बाजूंना फुगायची आणि फट बंद करायची. ड्रायझेत अशी कडी नव्हती. फटीतून निघणारा गरम वायू सैनिकाच्या तोंडाकडे यायचा. त्यात तिची नळी १५ मिलिमीटरच्या वर व्यासाची आणि गोळी संथ, शासपोची नळी ११ मिलिमीटरची आणि गोळी वेगवान. ड्रायझेचा उपयोग साधारण ६०० मीटरपर्यंत. शासपोची नेमपट्टी १,२०० मीटरपर्यंत आखलेली.

शासपो निर्दोष होती असं मात्र कुणी समजू नये. काळ्या दारूची काजळी साचून बोल्ट जड व्हायचा, रबर कडक पडायचं, सुई मोडायची. कागदी काडतुसाचे दिवसही भरत आले होते. ब्रिटिशांची स्नायडर तेव्हाच धातूचं काडतूस वापरत होती.

पण रणांगणावर काय झालं? १८ ऑगस्ट १८७०ला सँ-प्रिव्हा गावासमोरच्या उघड्या उतारावरून प्रशियाची गार्ड कोअर, म्हणजे हजारो निवडक सैनिकांची फौज, चालून गेली. स्वतःच्या बंदुका पल्ल्यात येण्याच्या कितीतरी आधीच फ्रेंच गोळ्या तिच्यावर बरसू लागल्या. ठार आणि जखमी मिळून आकडा ८,००० च्या आसपास गेला. शेवटी गाव पडलं ते तोफांच्या भडिमारामुळे आणि प्रशियाच्या बाजूने लढणाऱ्या सॅक्सन सैन्याने बगलेला वळसा घातल्यामुळे. त्या दिवशी एकूण हानी जर्मनांचीच जास्त होती, तरी माघार घेतली फ्रेंचांनी.

खरी उत्तरं इथे आहेत. जर्मनांच्या क्रुप कारखान्यातल्या पोलादी तोफा मागून भरायच्या आणि त्यांचे गोळे आदळताच फुटायचे. फ्रेंच तोफा ब्राँझच्या, तोंडाकडून भरायच्या. त्यांच्या गोळ्यांचे वेळेवर चालणारे फ्यूज ठरावीक अंतरांवरच फुटायचे. ठासणीचं हत्यार फ्रेंचांकडे होतंच, फक्त ते बंदूक नव्हे, तोफ होती! त्यात प्रशियाचा लष्करप्रमुख मोल्टके याच्या रेल्वे-नियोजनापुढे फ्रेंच जमवाजमव म्हणजे नुसता गोंधळ. फ्रेंच सेनापती बाझेन मेत्झ या तटबंदीच्या शहरात कोंडून बसला आणि ऑक्टोबरअखेर दीड लाखाहून जास्त सैन्यासह शरण गेला. त्याआधी सप्टेंबरच्या सुरुवातीला सेदान इथे खुद्द सम्राट तिसरा नेपोलियन कैद झाला होता. चांगल्या बंदुकीने यातलं काय सावरणार होतं?

राहिला भंगाराचा मुद्दा. शत्रूनेच ती भंगार मानली नाही. हाती आलेल्या हजारो शासपो जर्मनांनी कापून, धातूच्या काडतुसासाठी बदलून घोडदळाला दिल्या. फ्रान्सनेही १८७४ची ग्रा रायफल याच रचनेवर बेतली आणि ढिगाने जुन्या शासपो तिच्यात रूपांतरित केल्या. त्यामुळे जुन्या शस्त्रांच्या बाजारात नळीवर ‘१८६६’चा वारसा सांगणारी बंदूक दिसली, तरी आधी बोल्ट उघडून पाहावा. रबरी कडीची जागा आणि बारीक सुई असेल तर ती मूळची शासपो. काडतूस ओढून काढणारा आकडा दिसला तर ती रूपांतरित.